काट्याचे सील आणि कर्नलची दारे

सुरतच्या महिधरपुऱ्यातल्या हिरेबाजारात सौदे रस्त्यावर होतात. माणूस स्कूटरला टेकून उभा असतो, खिशातून कागदाची पुडी निघते, पुडीतला हिरा छोट्या काट्यावर ठेवला जातो आणि आकडा वाचून बोलणे सुरू होते. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. काट्यावरचा शतांश कॅरटचा आकडा म्हणजे अवघे २ मिलिग्रॅम. तेवढ्याने किंमत हलते, तरी त्या आकड्यावरून भांडण होत नाही. दलालाच्या हाताशी काट्याची एक-दोनच बटणे असतात: एक चालू-बंद करण्याचे, दुसरे पुडीचे वजन वजा करून काटा शून्यावर आणण्याचे. काटा मुळात खरा की खोटा हे ज्या मांडणीवर ठरते, ती सीलमागे बंद असते. ती उघडून दुरुस्त करणाऱ्याला परवाना लागतो. प्रमाणित वजने लावून काटा पडताळणारा आणि शिक्का मारणारा अधिकारी तिसराच. २००९ चा वैधमापन कायदा या तिघांची कामे वेगळी ठेवतो.

हे पुस्तक काट्यांचे नाही. घराघरांतल्या वाय-फाय राउटरमध्ये, मोबाइलमध्ये, लॅपटॉपमध्ये बसलेल्या रेडिओ चिपचे आणि ती चिप चालवणाऱ्या लिनक्स ड्रायव्हरचे आहे. पण त्याचा मूळ प्रश्न महिधरपुऱ्यातल्या काट्याचाच आहे. एका यंत्रात शंभर मांडण्या असतात. त्यांतली कोणती कोणाच्या हाती द्यायची, आणि कोणत्या दारातून? लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल; त्याच्या भाषेत या दाराला इंटरफेस म्हणतात. दार चुकले तर आज काम होते, पण दहा वर्षांनी कोणीतरी त्याची किंमत मोजत बसतो. या विद्येच्या उंबऱ्यावर आलेल्या मराठी वाचकाचे मनापासून स्वागत करून, आत जाण्यापूर्वी तिची ओळख करून द्यावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

प्रथम कॅलिब्रेशन म्हणजे काय ते पाहू. कोशात त्याला अंशशोधन असा नेमका शब्द आहे. कामाच्या टेबलावर मात्र सगळे कॅलिब्रेशनच म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे. एकाच कारखान्यात, एकाच आराखड्यावरून, एकाच दिवशी तयार झालेल्या दोन चिप कधीही सारख्या नसतात. चिपला ताल देणारा स्फटिक घ्या. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याची चूक दशलक्षात २० भागांपर्यंत चालते, असे वाय-फायचे मानक सांगते. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. पण ५ गिगाहर्ट्झवर तेवढी चूक म्हणजे १०० किलोहर्ट्झ. बोलणारा एका बाजूला आणि ऐकणारा दुसऱ्या बाजूला तेवढाच सरकला, तर दोघांतले अंतर २०० किलोहर्ट्झ होते. वाय-फायची वाहिनी उपवाहक नावाच्या बारीक पट्ट्यांत विभागलेली असते; पूर्वापार मांडणीत शेजारच्या दोन उपवाहकांमधले अंतर ३१२.५ किलोहर्ट्झ आहे. म्हणजे एका उपवाहकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची जवळजवळ दोन-तृतीयांश वाट घसरण्यातच संपली. ऐकणारी चिप ही घसरण ओळखून सावरून घेते, पण कारखान्यात स्फटिक आधीच सुधारून घेतलेला असेल तर सावरायला फार उरत नाही.

तीच गोष्ट शक्तीची. ड्रायव्हर चिपला २० डीबीएमने, म्हणजे १०० मिलिवॉटने बोल असे सांगतो. एक चिप तेवढ्याच सांगण्यावर १७ डीबीएम देते, म्हणजे निम्मीच शक्ती. दुसरी त्याच सांगण्यावर मर्यादेच्या पुढे जाते. ऐकण्याचेही तसेच. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीत निसर्गाचाच उष्णताजन्य गोंगाट साधारण उणे १०१ डीबीएम असतो. त्यावर प्रत्येक चिप स्वतःची थोडी भर घालते, आणि ही भर प्रत्येकीची निराळी. वर तापमान. वैशाखात पत्र्याच्या छपराखाली टांगलेला राउटर आणि पौषातल्या पहाटेचा तोच राउटर यांचा वर्धक एकसारखा वागत नाही.

जुन्या सुरतेत अनेक टांकसाळींचे रुपये चालत. कोणी झिजलेला, कोणी हिणकस. सराफ नाणे हातात घेई, पारखी आणि त्यावर बट्टा लावी. रुपया रुपयाच असे, पण त्याचे खरे मोल बट्टा धरल्यावरच कळे. कॅलिब्रेशन म्हणजे प्रत्येक चिपचा बट्टा. कारखान्यात मोजमापाच्या यंत्राला जोडून तो काढतात आणि लिहून ठेवतात. आपल्या अभ्यासाचे सगळे प्रश्न पुढे येतात: हा बट्टा कोठे लिहायचा, कोणी वाचायचा, कोणी बदलायचा आणि कोणाला तो दिसूही द्यायचा नाही?

आता दारांकडे वळू. कर्नल आणि त्याच्या बाहेरचे प्रोग्रॅम यांच्यामधली भिंत हा लिनक्सचा कणा आहे. भिंतीतून बोलण्यासाठी जे दार उघडाल ते सहसा बंद करता येत नाही, कारण बाहेरच्या कोणाचा तरी प्रोग्रॅम त्यावर विसंबलेला असतो आणि चालणारा प्रोग्रॅम मोडायचा नाही हा लिनक्सचा कडक नेम आहे. इंटरफेस हे वचन आहे. वचन देण्याआधी ते कोणाला, किती काळासाठी आणि कशाबद्दल देत आहोत हे पाहावे लागते.

वायरलेसच्या इतिहासात या धड्याची फी भरली गेली आहे. १९९० च्या दशकात झां तूरील यांनी वायरलेस एक्स्टेन्शन्स ही पहिली सामाईक व्यवस्था उभी केली आणि तिच्यामुळे निरनिराळ्या कार्डांना एकाच भाषेत नाव, वाहिनी, वेग सांगता येऊ लागला. ते मोठे काम होते. त्या व्यवस्थेत प्रत्येक ड्रायव्हरसाठी ३२ खासगी आज्ञांची जागा राखून ठेवली होती. सामाईक भाषेत न बसणारे जे जे होते ते या खोलीत जाऊन पडले. कॅलिब्रेशनही तेथेच गेले. परिणाम असा, की एकाच क्रमांकाची आज्ञा एका ड्रायव्हरला एक सांगे आणि दुसऱ्याला भलतेच. बाहेरच्या प्रोग्रॅमला प्रत्येक कार्डाची बोली स्वतंत्र शिकावी लागे. पुढे जुलै २००७ मध्ये आलेल्या २.६.२२ या कर्नलात मॅक८०२११ हा वायरलेस ड्रायव्हरांचा सामाईक पाया दाखल झाला, आणि सीएफजी८०२११ व एनएल८०२११ या जोडीने नेटलिंकवरून, म्हणजे कर्नल आणि बाहेरचे प्रोग्रॅम यांच्यातल्या संदेशमार्गावरून, बोलण्याची नवी, मोजूनमापून केलेली भाषा घडवली. त्याच दशकात इतर दारेही तयार झाली: २.६ मालिकेबरोबर कर्नलची मूल्ये फाइलींच्या रूपात दाखवणारे सिसएफएस, ज्यात एका फाइलीत एकच मूल्य ठेवण्याची शिस्त आहे. आणि २००४ च्या अखेरीस ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचे डीबगएफएस, जे विकासकाच्या सोयीसाठी मोकळे सोडलेले आहे आणि ज्यात दिसणारी कोणतीही गोष्ट उद्या तशीच राहील असे वचन नाही.

नवा अभ्यासक बहुधा येथेच चुकतो. तो दारांची यादी पाठ करतो, प्रत्येकाचे गुणदोष लिहितो आणि हातातली मांडणी सर्वांत सोप्या दारातून बाहेर काढतो. या पुस्तकाचे म्हणणे असे, की सुरुवात उलट टोकाकडून करावी. दार नंतर; आधी हे ज्ञान कोणाचे आहे ते विचारा. कॅलिब्रेशन म्हणून जे काही आपल्यासमोर येते त्याचे पाच मालक असू शकतात: कारखाना, खुद्द ड्रायव्हर, चाचणी करणारा तंत्रज्ञ, कायदा आणि वापरणारा माणूस. मालक ठरला की दार आपोआप ठरते.

कारखान्याचे ज्ञान सर्वांत नाजूक. प्रत्येक नगाला ते वेगळे असते आणि पुन्हा मिळत नाही. काही चिपच्या पोटात त्यासाठी स्वतःची स्मृती असते. तेव्हा ड्रायव्हर ते थेट वाचतो आणि बाहेर कोणतेही दार लागत नाही. ही सर्वांत सुखाची स्थिती. पण स्वस्त उपकरणांत ही स्मृती वाचवतात आणि बट्टा राउटरच्या मुख्य फ्लॅशमध्ये एका लहानशा विभागात लिहितात. अथेरॉसच्या जुन्या राउटरांत त्याचे नाव एआरटी असते, मीडियाटेकच्या अनेक राउटरांत फॅक्टरी. आकार अगदी थोडा: ९८८एक्स कुळातल्या चिपला ड्रायव्हर २११६ बाइटची कॅलिब्रेशन-माहिती देतो. मग तो विभाग कोठे आहे हे ड्रायव्हरला कोणी सांगायचे? आज त्याचे चांगले उत्तर डिव्हाइस ट्री आणि एनव्हीमेम यांच्या जोडीत आहे: उपकरणाचे वर्णन करणाऱ्या फाइलीत अमुक विभागातला अमुक तुकडा कॅलिब्रेशनचा असे लिहून ठेवतात, आणि ड्रायव्हर तो नावाने मागतो.

सगळीकडे हे इतके सरळ नसते. २००९ मध्ये आलेल्या नोकिया एन९०० या फोनची कथा प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी. त्यातल्या डब्ल्यूएल१२५१ या चिपचा बट्टा फोनच्या नँड स्मृतीत, उत्पादकाच्या स्वतःच्या रचनेच्या विभागात होता. ड्रायव्हर मात्र फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, मागण्याच्या नेहमीच्या दारातून एका ठरावीक नावाची फाइल मागे, आणि त्या नावाची एक नमुना-फाइल सार्वजनिक फर्मवेअर-संग्रहात सर्वांसाठी ठेवलेली होती. म्हणजे ज्याची त्याची खरी मोजमापे त्याच्या खिशातल्या फोनमध्ये पडून, आणि चालायचे ते कोणा एका नमुन्याच्या आकड्यांवर. फोन चालतो, म्हणून कोणाला चुकल्यासारखे वाटत नाही. काही वर्षांनंतर या ड्रायव्हरसाठी असा प्रस्ताव आला, की माहिती आधी बाहेरच्या सहायक प्रोग्रॅमकडे मागावी. प्रत्येक उत्पादकाची साठवणीची तऱ्हा तो जाणेल, कर्नलला सगळ्या तऱ्हा शिकवू नयेत. फर्मवेअर सर्वांचे एक असते आणि बट्टा ज्याचा त्याचा असतो. दोन्ही एकाच दारातून येतात म्हणून दोन्ही एकच आहेत असे मानणे, ही या क्षेत्रातली मोठी मूळ चूक आहे.

ती मीही केली आहे. शिकण्याच्या दिवसांत एका जुन्या राउटरवर नवी प्रणाली चढवताना मी त्याचा फ्लॅश संपूर्ण पुसला. प्रणाली छान चढली. वायरलेसही दुसऱ्या नगातून उचललेल्या माहितीवर चालू झाले. पण पूर्वी जो राउटर गच्चीपर्यंत ऐकू येई तो जिन्यापर्यंतही धड पोहोचेना. एआरटी विभाग काय असतो हे मी त्या रात्री वाचले. त्या नगाची मोजमापे कारखान्यात एकदाच झाली होती, जगात त्यांची दुसरी प्रत नव्हती, आणि ती मी पुसली होती. हे पुस्तक लिहिण्याचे एक कारण ती रात्र आहे.

दुसरा मालक ड्रायव्हर. गोंगाटाची पातळी, दोन शाखांमधला असमतोल, तापमानानुसार बदलणारी शक्ती ही मोजमापे चिप चालू असताना सतत करावी लागतात. त्यांचे आयुष्य सेकंदांचे असते. अशा मूल्याला कायमचे दार देणे म्हणजे वाहत्या पाण्याच्या पातळीवर रंगाची रेघ मारणे. तापीच्या काठावरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. तरीही दाराची मागणी येते आणि कधी ती मान्यही होते. ॲथ५के ड्रायव्हरमध्ये आजूबाजूच्या गोंगाटाशी जुळवून घेणारी यंत्रणा आहे आणि तिच्या पातळ्या सिसएफएसमध्ये वाचता-लिहिता येतात. हाताने पातळी ठरवणाऱ्या माणसाला शेजारच्या घरातला मायक्रोवेव्ह केव्हा सुरू होणार हे ठाऊक नसते. ड्रायव्हरला ते चुकांच्या मोजणीतून क्षणात कळते. मग ती पातळी हाताने लिहू देण्याची खरी गरज कोणाला? विकासकाला असेल, तर त्याच्यासाठी डीबगएफएस आहे. वर्गात या उदाहरणावर दोन्ही बाजूंनी वाद घालावा, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे. बहुतेक मांडण्यांना बाहेर दारच नसावे, हे उत्तर पचवायला वेळ लागतो, आणि वादातूनच ते पचते.

तिसरा मालक चाचणी करणारा तंत्रज्ञ. त्याला चिपशी कच्च्या भाषेत बोलायचे असते: अमुक वाहिनीवर अखंड बोलत राहा, अमुक नोंद बदल, आलेला आकडा दे. त्याच्यासाठी एनएल८०२११ मध्ये टेस्टमोड नावाची आज्ञा आहे. कर्नल बांधतानाच ती वगळता येते, म्हणजे ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या उपकरणात ते दार विटांनी बुजवून टाकता येते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डब्ल्यूएल१२एक्सएक्स चिपचा कॅलिब्रेटर हा प्रोग्रॅम याच दाराने उत्पादन-साखळीवरची मोजमापे करतो. या दाराशेजारी आणखी एक दार आहे, विक्रेत्याच्या खास आज्ञांचे. त्यावर विक्रेत्याचा २४ बिटांचा ओळखक्रमांक असतो, त्यामुळे जुन्या ३२ खासगी आज्ञांसारखा गोंधळ होत नाही. तरी जे सर्वांच्या कामाचे आहे ते या खासगी दारात लपवू नये, ही जबाबदारी लिहिणाऱ्याची.

चौथा मालक कायदा. आपल्याकडे १९५२ पासून असलेली डब्ल्यूपीसी शाखा रेडिओ-लहरींची व्यवस्था पाहते. जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा झाला, पण अँटेनातून निघणाऱ्या परिणामी शक्तीवर ४ वॉटची मर्यादा घालूनच. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधले ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले. असे देशोदेशीचे नियम एका डेटाबेसात असतात, आणि ४.१५ या आवृत्तीपासून कर्नल स्वतःच त्या डेटाबेसाची स्वाक्षरी केलेली फाइल पडताळून घेतो. देशाची दोन अक्षरे वापरणाऱ्याला सांगता येतात. त्यामागचे आकडे लिहिण्याचे दार त्याला नाही. हेच काट्याचे सील.

येथे कॅलिब्रेशन आणि कायदा यांची गाठ पडते. मर्यादा २० डीबीएमची आहे आणि ड्रायव्हरने प्रामाणिकपणे २० च सांगितले. पण बट्टा दुसऱ्याच चिपचा असेल तर हवेत २३ जातील, म्हणजे दुप्पट शक्ती. प्रणालीच्या कोणत्याही ओळीत नियमभंग नाही, आणि तरी नियमभंग झाला. म्हणून कॅलिब्रेशनची माहिती सहज बदलू देणारे दार उघडताना आपण कायद्याच्या सीलाचीही किल्ली देत असतो, हे ध्यानात ठेवावे.

पाचवा मालक वापरणारा माणूस. त्याची इच्छा खरी आहे आणि तिला सन्मानाचे दार हवे. घर लहान आहे, शक्ती कमी कर, एवढेच त्याला म्हणायचे असते. एनएल८०२११ त्याच्याकडून ही इच्छा भौतिक एककात घेते: डीबीएमच्या शतांशात, म्हणजे २० डीबीएमसाठी २०००. चिपच्या कोणत्या नोंदीत कोणता आकडा लिहायचा हे ड्रायव्हर बट्टा धरून ठरवतो. चांगल्या दाराची हीच खूण: आत येणारी गोष्ट माणसाला समजणाऱ्या भाषेत असते, आणि चिप बदलली तरी तिचा अर्थ बदलत नाही. कच्ची नोंद बाहेर उघडी केली, तर प्रत्येक ग्राहकाला सराफ व्हावे लागेल.

पाच मालक ओळखता आले की पुस्तकाची मांडणी समजायला सोपी आहे. पहिल्या भागात रेडिओचे मोजमाप आहे. गणित अकरावी-बारावीच्या पलीकडे फारसे जात नाही. दुसऱ्यात कर्नलची दारे एकेक करून उघडून पाहिली आहेत. तिसऱ्यात खऱ्या ड्रायव्हरांचे निर्णय घेऊन त्यांची परीक्षा केली आहे, आणि प्रत्येक निर्णयाआधी मालक कोण हा प्रश्न विचारला आहे. कर्नलच्या दस्तऐवजांत इंटरफेसची नोंद स्थिर, चाचणीतले, कालबाह्य आणि काढून टाकलेले अशा चार कप्प्यांत ठेवतात. शेवटच्या कप्प्याचेही वाचन टाळू नका. दिलेले वचन मागे घेताना किती जपावे लागते ते तेथे कळते.

हे पुस्तक मराठीत का, हा प्रश्न सुरतेत मला अनेकदा विचारला गेला. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. उधना–जळगाव लोहमार्गाने आलेल्या वडिलांनी लूमवर आयुष्य काढले. घरात अहिराणी, शाळेत मराठी किंवा गुजराती, आणि पुढे मुले-मुली अभियांत्रिकीला. १९६१ मध्ये सुरू झालेली येथील सरदार वल्लभभाई राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था त्यांच्या घरापासून काही किलोमीटरवर आहे. या मुलांच्या हातात यंत्राची समज आहे. एकाच नमुन्याचे दोन लूम एकाच ताणावर सारखे कापड देत नाहीत, आणि ताण कोणी बदलावा व कोणी बदलू नये, हे त्यांनी घरातच ऐकलेले असते. म्हणजे या विद्येचा गाभा त्यांच्याजवळ आधीपासून आहे. अडते ते फक्त नावांपाशी. नावे परक्या लिपीतून उतरवून घेता येतात. समज अशी उतरवता येत नसते, आणि ती त्यांच्याकडे आहे.

तेव्हा या, आणि निर्धास्तपणे या. एक जुना राउटर मिळवा, त्यावर मुक्त प्रणाली चालते याची खात्री करून घ्या. पहिले प्रकरण उघडण्याआधी एकच काम करा: त्याच्या फ्लॅशमधला कॅलिब्रेशनचा विभाग शोधा, त्याची प्रत काढा, राउटरच्या तळाशी चिकटवलेला क्रमांक त्या प्रतीच्या नावात लिहा आणि ती दोन ठिकाणी जपून ठेवा. कारखान्यात कोणीतरी त्या एका नगासाठी मोजमाप केले होते. ते आता तुमच्या हवाली आहे.

सुरत